‘शाश्वत’ आणि ‘जतन’ : महाविद्यालयाच्या आवारातील पर्यावरणविषयक गद्याची चिकित्सा

१

गेल्या पाव शतकात आपल्या महाविद्यालयांच्या आवारांत एक नवे गद्य रूढ झाले आहे. प्रवेशद्वाराजवळील सूचनाफलक, पर्यावरणदिनी सामुदायिकपणे उच्चारली जाणारी प्रतिज्ञा, पदवीच्या वर्गांना नेमलेले पर्यावरणाचे पाठ्यपुस्तक आणि मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीपुढे ठेवावयाचा हरित लेखापरीक्षणाचा अहवाल, ही त्याची चार ठळक रूपे होत. या गद्याचा हेतू उघड आहे. आवारात वावरणाऱ्यांनी पाणी, वीज आणि कागद जपून वापरावा, कचरा कमी करावा, झाडे वाढवावीत, अशी त्याची इच्छा असते. म्हणजेच वाचकास कृतीस प्रवृत्त करणे हे त्याचे प्रयोजन आहे. अशा गद्याची परीक्षा भाषेच्या अभ्यासकाने करू लागणे हा कोणास अधिकाराचा अतिक्रम वाटू नये. बखरी, कैफियती आणि जुने पत्रव्यवहार यांचे गद्य आपण बारकाईने वाचतो. स्वतःच्या विभागाच्या दारावर लावलेली सूचना मात्र आपण साहित्याचा विषय म्हणून कधी वाचलेली नाही.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा थोडक्यात असा आहे. या गद्याचा दोष त्याच्या हेतूत नाही, त्यातील माहितीतही फारसा नाही; तो शब्दांच्या निवडीत आणि वाक्यांच्या रचनेत आहे. या वाक्यांतून कर्ता नाहीसा झालेला आहे, आणि जेथे कर्ता नाही तेथे प्रेरणा कोणास द्यावयाची हा प्रश्नच उरत नाही. हा दोष मराठीला अपरिहार्य नाही. मराठीच्या प्रशासकीय गद्याची एक जुनी आणि अधिक सकस रीत आपल्यापाशी आहे. तिचे स्मरण करून देणे हा या लेखाचा दुसरा उद्देश आहे.

२

या गद्याची जडणघडण ध्यानात घेण्यासाठी त्याचा थोडा इतिहास पाहणे इष्ट होईल. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश संविधानात झाला. अरण्ये, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण व संवर्धन करणे हे त्यांपैकी एक कर्तव्य होय. १९९० साली फ्रान्समधील तालवार या गावी काही विद्यापीठांचे प्रमुख एकत्र आले आणि त्यांनी दहा कलमांचा एक जाहीरनामा संमत केला. विद्यापीठांनी पर्यावरणाचा विषय केवळ शिकवू नये, स्वतःचा कारभारही त्यास अनुसरून चालवावा, हे त्यातील महत्त्वाचे सूत्र होते. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने महेश चंद्र मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्याची दिशा दाखविली. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यास अनुसरून पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला, तो २००३ च्या सुमारास. अखेरीस राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ साली जो सुधारित आराखडा स्वीकारला त्याच्या सातव्या निकषात ऊर्जा, पाणी, कचरा आणि हरित आवार यांविषयीचे प्रश्न आले, आणि अहवाल लिहिणे ही महाविद्यालयांची गरज होऊन बसली.

या क्रमात एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. तालवारच्या जाहीरनाम्यात जे दोन भाग होते, शिकवणे आणि स्वतः आचरणे, त्यांपैकी पहिला आपल्याकडे अभ्यासक्रम झाला व दुसरा अहवाल झाला. उपर्युक्त अभ्यासक्रमाचीच रचना पाहावी. त्याचे आठ घटक आणि पन्नास तास. त्यांपैकी सात घटक व पंचेचाळीस तास वर्गातील व्याख्यानांचे, आणि एक घटक व पाच तास प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे. नऊ भाग ऐकावयाचे आणि एक भाग पाहावयाचा, असे हे प्रमाण आहे. या अभ्यासक्रमामुळे कला व वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही या विषयाशी परिचित झाला, हा त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि वर्गाच्या खिडकीबाहेर जे आवार दिसते ते या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक होऊ शकले नाही.

येथे भाषेचीही एक गंमत आहे. प्राथमिक शाळेत या विषयास ‘परिसर अभ्यास’ म्हणतात. महाविद्यालयात त्याचे नाव ‘पर्यावरण’ होते. मराठीत ‘परिसर’ या शब्दाने भोवतालचा प्रदेशही सुचतो आणि ‘विद्यापीठ परिसर’ असे म्हणताना संस्थेचे आवारही सुचते. अभ्यासाचा विषय आणि अभ्यासकाची जागा ही एकाच शब्दात नांदतात. ‘पर्यावरण’ हा शब्द शास्त्रदृष्ट्या अधिक व्यापक असेल, परंतु तो उच्चारताच मनासमोर ओझोनचा थर येतो, आपल्या इमारतीच्या गच्चीवरून ओसंडणारी टाकी येत नाही. शाळेतून महाविद्यालयात येताना मुलगा चार इयत्ता वर चढतो आणि त्याचा विषय त्याच्यापासून चार कोस दूर जातो.

३

आता या गद्याच्या केंद्रस्थानी असलेल्या शब्दाकडे वळू. ‘शाश्वत विकास’, ‘शाश्वत आवार’, ‘शाश्वत जीवनशैली’ या पदांतील ‘शाश्वत’ हे विशेषण ‘सस्टेनेबल’ या इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून योजलेले आहे. १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने ती इंग्रजी संज्ञा जगभर पोहोचविली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागविणे अशक्य होईल अशा रीतीने नव्हे, असा तिचा आशय आयोगाने सांगितला होता. मूळ लॅटिन धातूचा अर्थ खालून आधार देणे, तोलून धरणे असा आहे. यातील कल्पना श्रमाची आहे. कोणी तरी धरले आहे म्हणून वस्तू वर राहिली आहे. हात काढला तर ती पडेल.

‘शाश्वत’ या शब्दाचे कूळ याच्या नेमके उलट आहे. जे सदैव आहे, ज्यास क्षय नाही, ते शाश्वत. भगवद्गीतेत हे विशेषण आत्म्यास लावलेले आहे, आणि आत्म्यास कोणाच्या आधाराची अपेक्षा नसते. जे मुळातच शाश्वत आहे त्यासाठी कोणी काही करावयाचे नसते. ज्या संज्ञेने वाचकाच्या मनात ‘हे टिकेल की नाही’ अशी काळजी उत्पन्न व्हावयाची, तिचा अनुवाद आपण अशा शब्दाने केला की ज्याच्या उच्चाराबरोबर ती काळजीच मिटते. शेजारच्या भाषांनी येथे अधिक व्यवहारी दृष्टी दाखविली आहे. गुजरातीने ‘टकाउ’ आणि बांगलादेशातील बंगालीने ‘टेकसोई’ हे शब्द पत्करले. दोन्ही शब्द ‘टिकणे’ या क्रियापदाच्या गोत्रातले, बाजारात कापड किंवा भांडे घेताना वापरावयाचे. हिंदीच्या शासकीय व्यवहारात ‘सतत’ आले. त्यातही निदान क्रियेच्या अखंडतेची जाणीव आहे. मराठीतही ‘टिकाऊ’ हा पर्याय सुचविला गेला होता, पण प्रतिष्ठा मिळाली ती ‘शाश्वत’ला.

यावर असा आक्षेप घेता येईल की शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने ठरत नाही, रूढीने ठरतो. ‘शाश्वत’ला आता नवा पारिभाषिक अर्थ प्राप्त झाला आहे, मग जुने कूळ उकरून काय साधणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून व्युत्पत्ती बाजूस ठेवून वाक्यातील वर्तणूक पाहावी. ‘शाश्वत विकास’ या पदास कोणती क्रियापदे जोडली जातात? ‘साधणे’, ‘अंगीकारणे’, ‘कडे वाटचाल करणे’. यांपैकी एकही क्रिया अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक वस्तूवर करावयाची नाही. ‘आमचे महाविद्यालय शाश्वत विकासाकडे वाटचाल करीत आहे’ हे वाक्य खरे की खोटे हे ठरविण्याचे कोणतेही साधन वाचकाच्या हाती नाही. ज्या वाक्याचा खोटेपणा कधीच उघड होऊ शकत नाही ते वाक्य कोणास कामास लावू शकत नाही. हा दोष व्युत्पत्तीचा नाही, प्रयोगाचाच आहे.

४

याच संकल्पनेच्या जर्मन पूर्वजाकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सॅक्सनीतील खाणींच्या कारभारातील अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ याने १७१३ साली वनशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रुप्याच्या खाणी आणि भट्ट्या यांना लाकूड अपुरे पडू लागले होते. तेव्हा जेवढे नव्याने वाढेल त्या बेतानेच तोडावे, म्हणजे उपयोग खंड न पडता चालू राहील, असा विचार त्याने मांडला. आजची जर्मन संज्ञा त्याच्याच एका विशेषणापासून वाढली असे मानतात. उपदेशाच्या किंवा भक्तीच्या भाषेत नव्हे, तर सरपणाच्या हिशेबात ही संकल्पना जन्मास आली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच दशकात, कार्लोवित्झची वार्ताही नसलेल्या प्रदेशात, मराठीत एक ग्रंथ सिद्ध झाला. रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ हा तो ग्रंथ होय. त्याच्या आरमारविषयक प्रकरणात लाकडाचा प्रश्न येतो. पर्यावरणाच्या फलकांवर या प्रकरणातील मजकूर अलीकडे वारंवार आढळतो, आणि बहुधा तो शिवछत्रपतींची आज्ञा म्हणून छापलेला असतो. ग्रंथात शिवकालीन राजनीतीचे संस्कार आहेत हे खरे. पण लेखक अमात्य आहेत आणि ग्रंथ कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळातील आहे, एवढा विवेक निदान विद्यापीठाच्या आवारातील फलकाने राखावयास हवा.

परंतु कर्तृत्वाच्या चुकीपेक्षा मोठी हानी आहे ती वेगळीच. फलकासाठी त्यातील भावनेचे एक वाक्य उचलले जाते आणि भोवतालची व्यवस्था गाळली जाते. वास्तविक त्या मजकुराचे बळ व्यवस्थेत आहे. आरमारास मोठी लाकडे लागतात, ही गरज तो प्रथम मान्य करतो. अरण्यातील सागासारखे वृक्ष परवानगीने तोडावेत. अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस ही झाडेही उपयोगाचीच, परंतु त्यांस हात लावू नये, असा त्याचा क्रम आहे. मग कारण दिलेले आहे : ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, आणि रयतेने ती अपत्याप्रमाणे दीर्घ काळ सांभाळलेली असतात. शेवटी अपवादही सांगितला आहे. झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर मालकास राजी करून, मोबदला देऊन, मगच तोडावे. बळजोरी करू नये.

गद्य म्हणून याची परीक्षा केली तर काय दिसते? जातींची नावे आहेत. काळाचे मान आहे. झाड कोणी वाढविले हे सांगितलेले आहे. तोडणाऱ्याने कोणाची संमती घ्यावयाची हे ठरलेले आहे. आणि या सर्वांच्या मध्यभागी ‘जतन’ हा शब्द आहे. ‘जतन’ म्हणजे मूळचा ‘यत्न’. त्यात श्रम आहे, म्हणून कर्ता आहे. ते कशाचे तरी करावयाचे असते, म्हणून कर्म आहे. आणि ते एका दिवसात संपत नाही, म्हणून काळ आहे. लॅटिन धातूतील तोलून धरण्याचा भाव मराठीत शोधावयाचा तर तो ‘शाश्वत’मध्ये नसून येथे आहे.

अर्थात या मजकुराचे आधुनिकीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. अमात्यांना आरमार बांधावयाचे होते. जैववैविध्याची कल्पना त्यांच्यापुढे नव्हती, आणि अरण्यातील सागाविषयी त्यांना हळवेपणा नव्हता. देवरायांच्या बाबतीतही हाच संयम हवा. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास केला त्यामुळे या राखलेल्या वनांचे मोल विद्वानांच्या ध्यानात आले. पण देवराई राखली गेली ती देवतेच्या धाकाने आणि गावाच्या एकमताने. महाविद्यालयाच्या आवारात या दोहोंपैकी एकही नाही. तेथील वस्ती दर तीन वर्षांनी बदलते. म्हणून परंपरेतून आपण घ्यावयाचे ते श्रद्धेचे स्वरूप नव्हे, वाक्याचे स्वरूप होय.

५

या कसोटीवर आपल्या आवारातील गद्य लावून पाहू. अहवालांतील सर्वांत परिचित वाक्य असे असते : ‘मान्यवरांच्या हस्ते शंभर रोपांचे वृक्षारोपण करण्यात आले.’ ‘रोपांचे वृक्षारोपण’ हा द्विरुक्तीचा दोष क्षम्य मानू. खरा प्रश्न ‘करण्यात आले’ या प्रयोगाचा आहे. मान्यवरांचे हात दिसतात. खड्डे कोणी खणले, हे दिसत नाही. आणि हे वाक्य जेथे संपते तेथेच रोपाचे आयुष्य सुरू होते, त्याविषयी पुढच्या वर्षीच्या अहवालात एकही वाक्य नसते. तेथे पुन्हा नवी शंभर रोपे असतात, पुष्कळदा त्याच खड्ड्यांत. फलक उभा आहे आणि रोप नाही, हे दृश्य कोणास अपरिचित नाही.

याचे कारण केवळ अनास्था नव्हे. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होतो, आणि पावसाच्या दृष्टीने तो काळ योग्यच आहे. महाराष्ट्रात रोपाची कसोटी लागते ती फेब्रुवारी ते मे या महिन्यांत. नेमक्या याच महिन्यांत विद्यार्थी परीक्षेत असतो, आणि त्यानंतर गावी असतो. आवाराचे पंचांग आणि ऋतूचे पंचांग एकमेकांस पाठ करून उभे आहेत. उन्हाळ्यात ज्या रोपांना पाणी मिळते ती माळीदादा किंवा एखादा शिपाई घालतो म्हणून मिळते, आणि त्याचे नाव कोणत्याही अहवालात आढळत नाही. मराठीत ‘झाड लावणे’ आणि ‘झाड जगवणे’ ही दोन क्रियापदे आहेत. आपले गद्य पहिल्याच क्रियापदावर थांबते, आणि दुसऱ्याचा कर्ता अनुल्लेखित राहतो.

उत्सवास अर्थच नाही असे येथे सुचवावयाचे नाही. रवींद्रनाथांनी १९२८ साली शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा सोहळा सुरू केला. गीते, मिरवणूक, लहान रोपाचा सन्मान, असे त्याचे रूप होते. परंतु त्याच वर्षी जवळच्या श्रीनिकेतनात त्यांनी हलकर्षणाचा, म्हणजे नांगर धरण्याचा, उत्सवही सुरू केला. सोहळ्यास श्रमाची जोड होती. आपण सोहळा घेतला आणि नांगर तेथेच ठेवला.

अहवालातील दुसरे वारंवार येणारे वाक्य ‘पर्जन्यजल संकलनाची सुविधा उपलब्ध आहे’ हे होय. सुविधा आहे, पाणी आहे काय? एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. एक हजार चौरस मीटर छत आणि वर्षास सातशे मिलिमीटर पाऊस धरला, आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी पाच लाख साठ हजार लिटर पाणी हाती येते. ‘आपल्या ग्रंथालयाच्या छतावरून दर पावसाळ्यात पाच लाख साठ हजार लिटर पाणी हाती येऊ शकते, गेल्या वर्षी आपण त्यातील इतके अडविले व मे महिन्यात इतके टँकर मागविले’, असे वाक्य कोणी फलकावर लिहिले तर त्यास प्रतिज्ञेची जोड देण्याची आवश्यकता पडणार नाही. सेकंदास एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी सुमारे चार लिटर पाणी घालवितो. हे वाक्य त्याच नळाजवळ लिहावे, आणि नळ दुरुस्त करणाऱ्याचा दूरध्वनी त्याखाली द्यावा. ‘पाणी हे जीवन आहे’ हे वाक्य खोटे नाही. पण ते वाचून नळ कोणी दुरुस्त केल्याचे ऐकिवात नाही.

६

येथे कोणी म्हणेल की प्रेरणा आकड्यांनी मिळत नाही, बक्षिसांनी व गुणांनी मिळते. म्हणून तर अभ्यासक्रमास श्रेणी आणि मूल्यांकनास गुण ठेवले आहेत. यात तथ्य आहे. लेखापरीक्षणाच्या सक्तीमुळे कित्येक महाविद्यालयांनी आपल्या विजेचे देयक प्रथमच वर्षभर सलग मांडून पाहिले असेल, आणि घोषणेपेक्षा देयक केव्हाही अधिक बोलके असते. परंतु गुण ज्याला मिळतात तेच वाढते, हा अनुभव आहे. गुण अहवालास मिळतात, म्हणून अहवाल वाढले. एका मूल्यांकनाकडून दुसऱ्या मूल्यांकनाकडे जाणारे गद्य समितीसाठी लिहिले जाते. त्या आवारात राहणाऱ्याने ते वाचावे अशी अपेक्षाही त्यात नसते. ज्यास प्रेरणा द्यावयाची तो वाचकच ज्यातून वगळला आहे, त्यास प्रेरणेचे गद्य कसे म्हणावे?

ही चिकित्सा करताना भाषा विभागाने स्वतःस मोकळे ठेवणे योग्य होणार नाही. अडीचशे पृष्ठांचा प्रबंध कागदाच्या एकाच बाजूस छापावयाचा आणि त्याच्या पाच प्रती द्यावयाच्या, या रूढीत एका संशोधकामागे साडेबाराशे ताव खर्ची पडतात. दोन्ही बाजूंस छापल्यास ते निम्मे होतील, आणि परीक्षकास संगणकावरील प्रत चालत असेल तर त्याहूनही कमी. कोऱ्या राहिलेल्या त्या साडेबाराशे पाठींवर आपल्या शास्त्राचे काहीही लिहिलेले नसते. पर्यावरणविषयक चर्चासत्रातील शोधनिबंधही याच रीतीने सादर होतात, आणि चर्चासत्राच्या शेवटी प्रत्येक प्रतिनिधीस प्लॅस्टिकच्या वेष्टनातील पुष्पगुच्छ मिळतो. हा विनोद नाही, आपल्या वाक्यरचनेचाच परिणाम आहे. ‘समाजात जागृती होणे आवश्यक आहे’ असे आपण लिहितो तेव्हा त्या ‘समाजा’त लिहिणारा नसतो.

तेव्हा विभागाच्या हाती असलेले काम कोणते? वृक्षारोपणाचा आणखी एक कार्यक्रम हे ते काम नव्हे. आवारातील प्रत्येक सूचना, प्रतिज्ञा आणि अहवाल यांचे संपादन हे आपले काम होय. प्रत्येक वाक्यास तीन प्रश्न विचारावेत : कोण करणार? किती? आणि मे महिन्यात कोण? पहिल्या प्रश्नाने ‘करण्यात आले’ गळून पडेल, दुसऱ्याने ‘मोठ्या प्रमाणावर’ गळून पडेल, आणि तिसऱ्याने बरीचशी प्रतिज्ञा गळून पडेल. जे उरेल ते थोडे असेल, पण ते जतन करण्याजोगे असेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यास यात संशोधनाचाही विषय आहे. राखणे, पुरविणे, बेगमी, काटकसर, आवरसावर, या शब्दांच्या मागे तुटपुंज्या साधनांत नेटका संसार करणाऱ्या समाजाचा अनुभव साठलेला आहे, आणि या शब्दांपैकी एकही आपल्या पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकांत संज्ञेच्या पदवीस पोहोचलेला नाही. त्यांचा संग्रह आणि प्रयोगांसह विवेचन हे लघुप्रबंधास पुरेसे कार्य आहे.

‘शाश्वत’ हा शब्द आता शासकीय व्यवहारातून जाणार नाही, आणि तो काढून टाकावा असा आग्रहही येथे नाही. शब्द बदलल्याने नळ गळावयाचे थांबत नाही, हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. परंतु ज्या वाक्यात कर्ता असतो ते वाक्य वाचणाऱ्यास स्वतःस विचारता येते की तो कर्ता मी आहे की नाही. प्रेरणेस आरंभ करण्यासाठी एवढा अवकाश पुरेसा असतो, आणि तो निर्माण करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे. येत्या जुलैत आपल्या आवारात जी रोपे लावली जातील त्यांच्याविषयीचे वाक्य पुढच्या जूनमध्ये लिहावे, आणि त्यात पाणी घालणाऱ्याचे नाव असावे, इतक्या लहान सुधारणेनेही या गद्याचा प्रकार बदलू लागेल.